हरितगृहातील भाजीपाल्याचे पहिले पीक

प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली ढोबळी मिरची, काकडी व टोमॅटो पिकविण्याची पद्धत पुणे, नाशिक, सातारा या जिल्ह्यांत आता चांगली रुजली आहे. शेजाऱ्याच्या हरितगृहातील लाल-पिवळी मिरची पाहून आपणही तसे करावे, असे शेतकऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हे घर बहुधा कर्ज काढूनच उभे राहते आणि पहिले पीक फसले तरी हप्ते थांबत नाहीत. म्हणून सांगाडा उभारण्यापूर्वी त्याच्या आत काय घडते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

थंड देशांत हरितगृह बांधतात ते ऊब साठविण्यासाठी. सूर्यकिरण आच्छादनातून आत येतात, माती व झाडे तापतात आणि त्यांच्यामुळे तापलेली हवा आतच कोंडून राहते. आपल्याकडे उन्हाची वाण नाही. येथे हरितगृहाचे काम पावसाचा मारा, प्रखर ऊन व किडी यांपासून पीक राखणे हे होय. त्यामुळे उष्णता बाहेर घालविण्याची सोय आधी पाहावी. गरम हवा वर चढते. तिच्यासाठी छताशी झरोका व बाजूंस गुंडाळता येणारे पडदे असावेत. त्या वाटांनी कीड शिरू नये म्हणून तेथे बारीक जाळी लावावी व प्रवेशाला दुहेरी दार ठेवावे. ढोबळी मिरचीस दिवसा २० ते २५ अंश सेल्सियस तापमान मानवते; ३५ अंशांपुढे फुले गळू लागतात. थंडीच्या रात्री सोडलेले पडदे ऊन चढण्यापूर्वी वर केलेच पाहिजेत.

दुसरी गोष्ट मातीची. उघड्या शेतातील क्षार पावसाळ्यात धुऊन जातात. छताखाली पाऊस पडत नाही. त्यामुळे विहिरीच्या पाण्यातील व खतांतील क्षार वाफ्यात साचत जातात. यास्तव माती व पाणी या दोहोंची तपासणी प्रथम करून घ्यावी. भारी काळ्या मातीत पाण्याचा निचरा होत नाही. निचऱ्याच्या तांबड्या मातीत कुजलेले शेणखत व भाताचे तूस मिसळून सुमारे ९० सेंटिमीटर रुंद व ४० सेंटिमीटर उंच गादीवाफे करावेत.

बाहेरून आणलेल्या मातीबरोबर, रोपांबरोबर किंवा अवजारांना चिकटून सूत्रकृमीही आत येतात. हे कृमी डोळ्यांस दिसत नाहीत. झाडे दुपारी माना टाकतात, पाने पिवळी पडतात. झाड उपटून पाहिल्यास मुळांवर गाठी आढळतात. एकदा शिरलेल्या सूत्रकृमींचा समूळ नायनाट करणे फार कठीण असते. म्हणून लागवडीपूर्वी एप्रिल-मे महिन्यांत ओलसर वाफ्यांवर पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट पसरून ते चार ते सहा आठवडे तापू द्यावेत व नंतर निंबोळी पेंड मिसळावी.

तिसरी गोष्ट बियाण्याची. जाळीमुळे जशा किडी अडतात, तशा मधमाश्याही अडतात. नेहमीच्या काकडीचे बी आत लावल्यास वेलास फुले येतात, पण परागीकरणावाचून फळ धरत नाही. याकरिता परागीकरणाशिवाय फळ धरणारे काकडीचे वाण निवडावे. टोमॅटो व मिरची यांची फुले स्वतःच्या परागावर फळ धरतात. मात्र आत वारा कमी असल्याने टोमॅटोच्या आधाराच्या तारा सकाळी हलवाव्यात.

प्रथमच या धंद्यात पडणाऱ्याने १० गुंठ्यांहून मोठे हरितगृह उभारण्याची घाई करू नये. रंगीत मिरचीचे गिऱ्हाईक मुख्यतः मोठ्या शहरांत असते. तेथील व्यापाऱ्याशी बोलणे लागवडीपूर्वीच व्हावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यानेही शेतकऱ्यास अनुदानाचा अर्ज देण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: माती तपासली काय, पाणी तपासले काय आणि माल कोण घेणार? या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावरच पहिला खांब रोवावा. हरितगृह पावसापासून पिकाचे रक्षण करते. शेतकऱ्याच्या दुर्लक्षापासून करीत नाही.