जुन्या मोटारसायकलीची खरेदी आणि मालकीची कागदपत्रे

आठवडे बाजाराचे गाव असो वा तालुक्याचे ठिकाण, जुन्या मोटारसायकलींचे व्यवहार तेथे नित्य होत असतात. संकलन केंद्रावर दुधाचे कॅन पोचविणारा शेतकरी, वाडीवरच्या शाळेत जाणारा शिक्षक, गवंडीकामासाठी रोज पंधरा-वीस किलोमीटर ये-जा करणारा कारागीर यांना नवी गाडी घेणे परवडत नाही. जुनी गाडी ही त्यांची चैन नव्हे, उपजीविकेचे साधन आहे. म्हणूनच अशा खरेदीत फसगत झाली तर ती केवळ काही हजार रुपयांची राहत नाही. साठविलेली रक्कम जाते आणि रोजगाराला जाण्याची सोयही जाते.

व्यवहाराची रीत बहुतेक ठिकाणी एकच असते. गाडी सुरू करून पाहिली जाते, ओळखीच्या मेस्त्रीला दाखविली जाते, टायर आणि साखळी तपासली जाते. घासाघीस होऊन रक्कम ठरते आणि किल्ली हाती येते. कागदपत्रांचा विषय निघालाच तर ठरावीक उत्तरे मिळतात : ‘आरसी बुक घरी राहिले, पुढच्या बाजाराला देतो’, ‘मूळ मालक परगावी आहे’, ‘नुसते शेतात जायचे, कागद कोण विचारतो ?’ किंमत बाजारभावाहून बरीच कमी असते. ती इतकी कमी का, हा प्रश्न मात्र घेणारा स्वतःला विचारीत नाही.

नोंदीतील नाव

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा दि. १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. त्यापूर्वी १९३९ चा अधिनियम लागू होता. १९८८ च्या अधिनियमातील व्याख्येनुसार ज्याच्या नावे वाहनाची नोंदणी झालेली आहे तोच वाहनाचा ‘मालक’ होय. वाहन कर्जाऊ घेतलेले असेल तर करारान्वये ज्याच्या ताब्यात ते आहे त्यास मालक समजतात. पैसे मोजून व ताबा घेऊन विक्रेता आणि खरेदीदार यांच्यापुरता व्यवहार पूर्ण झाला, असे म्हणता येईल. परंतु शासन, विमा कंपनी, पोलीस आणि अपघातात सापडलेला तिऱ्हाईत यांच्या दृष्टीने नोंदणी प्रमाणपत्रावरचे नाव हेच निर्णायक ठरते.

येथे ग्रामीण भागातील एका प्रघाताचा उल्लेख करणे आवश्यक आहे. मुद्रांकपत्रावर ‘गाडी विकली, रोख पावली’ असा मजकूर लिहून त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या जातात. साक्षीदार म्हणून सरपंच, पोलीस पाटील अथवा गावातील गुरुजी यांना आग्रहाने बोलाविण्यात येते. प्रतिष्ठित माणसाची सही पडली की कागद पक्का झाला, अशी समजूत असते. पैशाची देवघेव झाल्याचा पुरावा म्हणून अशा लेखाचा उपयोग होऊ शकेल. तथापि, त्यामुळे नोंदणीतील नाव बदलत नाही आणि विकणाऱ्याचीच मूळ मालकी नसेल तर ती निर्माणही होत नाही. उलट, गाडी पुढे चोरीची निघाल्यास तपासासाठी साक्षीदारालाही पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते. सही करण्यापूर्वी मूळ नोंदणी प्रमाणपत्र पाहण्यास मागणे हा साक्षीदाराचा उद्धटपणा ठरत नाही.

विकणाराही मोकळा होत नाही

कागद नसण्याचा धोका केवळ घेणाऱ्याला आहे, असा एक गैरसमज आढळतो. वस्तुतः विकणाऱ्याचा धोका काही बाबतींत अधिक आहे. गाडी विकली गेली, पण नाव बदलले नाही, तर वाहतूक नियमभंगाचे दंड जुन्या मालकाच्याच नावे नोंदले जातात. गाडी एखाद्या गुन्ह्यात वापरली गेली तर प्रथम त्याचाच दरवाजा ठोठावला जातो. अपघातात कोणी दगावल्यास भरपाईचा दावाही त्याच्यावर येतो.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिलेल्या एका निकालात हा प्रश्न स्पष्टपणे सोडविला आहे. त्या प्रकरणातील वाहन एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे अनेकदा विकले गेले होते. नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावे राहिली होती. अशा स्थितीत २००९ मध्ये अपघात झाला. नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच भरपाईस जबाबदार राहील, असे न्यायालयाने ठरविले. अपघातग्रस्त कुटुंबाने विक्रीची साखळी धुंडाळीत एका दारातून दुसऱ्या दारी फिरावे, अशी कायद्याची अपेक्षा नाही, हा त्यामागील विचार आहे.

या दृष्टीने सर्वांत घातक पद्धत म्हणजे कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून देणे. मालकी हस्तांतरणाचे नमुना २९ व नमुना ३० लोकांत ‘टी. टी. फॉर्म’ या नावाने ओळखले जातात. विक्रेता त्यांवर सह्या करून ते दलालाच्या हाती देतो आणि आपले काम संपले, असे मानतो. दलाल तेच कोरे नमुने गाडीसोबत पुढच्या गिऱ्हाइकास देतो, ते गिऱ्हाईक आणखी पुढे देते. दोन-तीन वर्षांनंतर गाडी कोणाकडे आहे हे मूळ मालकास ठाऊक नसते आणि शेवटच्या खरेदीदारास मूळ मालकाचा पत्ता माहीत नसतो.

गाडी चोरीची निघाली तर

वस्तूची मालकी ज्याच्याकडे नाही त्याला ती दुसऱ्यास देता येत नाही. माल विक्री अधिनियम, १९३० मध्ये हे तत्त्व ग्रथित झालेले आहे. त्यामुळे चोरीची गाडी घेणाऱ्याने पुरते पैसे मोजले असले तरी ती मूळ मालकाकडेच परत जाते. खरेदीदाराला आपले पैसे विक्रेत्याकडून वसूल करावे लागतात आणि असा विक्रेता सहसा सापडत नाही. इतकेच नव्हे, तर चोरीची असल्याचे माहीत असताना किंवा तसे मानण्यास सबळ कारण असताना अप्रामाणिकपणे वस्तू घेतली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. ही संहिता दि. १ जुलै २०२४ पासून लागू झाली. निम्म्या किंमतीत आणि कागदांविना घेतलेल्या गाडीबाबत ‘मला संशय आला नाही’ हे म्हणणे पटवून देणे अवघड जाते.

चोरीची गाडी खपविण्यासाठी क्रमांकांत फेरफार केला जातो. मोटारसायकलीचा चासी क्रमांक बहुधा हँडलखालच्या सांगाड्याच्या मानेवर ठोकलेला असतो. इंजिन क्रमांक इंजिनच्या कवचावर असतो. हे आकडे घासून त्या जागी दुसरे ठोकतात आणि वर रंग देतात. रंगाचा ताजेपणा, पृष्ठभागावरील ओरखडे, आकड्यांची वाकडी ओळ किंवा कमीजास्त खोली यांवरून अनुभवी मेस्त्रीस शंका येते. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत तर घासून टाकलेले मूळ आकडेही पुन्हा दिसू शकतात. आकडा ठोकताना त्याखालील धातूही दबलेला असतो. वरचा थर घासला तरी हा दबलेला भाग आत शिल्लक राहतो आणि त्यावर आम्लाची प्रक्रिया आजूबाजूच्या धातूपेक्षा निराळी होते. फार खोलवर घासले नसेल तर जुना क्रमांक अशा रीतीने उमटतो.

संशयित वाहन पोलिसांनी मुद्देमाल म्हणून जप्त केल्यास ते आवारात ऊनपावसात उभे राहते. अशी वाहने विनाकारण दीर्घकाळ ठाण्यात ठेवू नयेत, योग्य बंधपत्र घेऊन ती लवकर सोपवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे. परंतु ताबा मिळण्यासाठी न्यायालयापुढे हक्क दाखवावा लागतो. ज्याच्यापाशी एकही कागद नाही त्याने तो कसा दाखवावा ?

विम्याची बाजू

सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविण्यास तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा अनिवार्य आहे. गावातील रस्ता आणि पाणंद रस्ताही यातून सुटत नाही, म्हणून ‘शेतापुरतीच गाडी’ हा बचाव टिकत नाही. विम्याविना वाहन चालविल्यास पहिल्या अपराधाला दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुढील अपराधास दंड चार हजारांचा आहे.

मालकी बदलल्यावर तिऱ्हाइताच्या भरपाईपुरता चालू विमा कायद्यान्वये नव्या मालकाकडे जातो. नव्या मालकाने चौदा दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलण्यासाठी अर्ज करावयाचा असतो. गाडीची स्वतःची मोडतोड किंवा चोरी यांचे संरक्षण मात्र असे आपोआप मिळत नाही. कागद नसलेल्या गाड्यांचा विमा बहुधा केव्हाच संपलेला असतो. मग अपघाती मृत्यूची भरपाई मालक व चालक यांच्या स्वतःच्या मिळकतीतून वसूल होऊ शकते. मजुरी करणाऱ्या कुटुंबाकडून ती वसूल होणे कठीण. परिणामी अपघातात कर्ता पुरुष गमावलेल्या घराच्या पदरी न्यायालयाचा निवाडा पडतो, पैसे पडत नाहीत.

खरेदीपूर्वी

मूळ नोंदणी प्रमाणपत्र हाती घेऊन त्यावरील चासी व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी एकेक आकडा ताडून पाहावा. केंद्र शासनाच्या परिवहन संकेतस्थळावर वा ‘एमपरिवहन’ उपयोजनात गाडीचा क्रमांक घातल्यास नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आदी माहिती मिळते. मालकाचे नाव तेथे अंशतः झाकलेले असते, तरी विक्रेत्याच्या नावाशी ते जुळते किंवा नाही हे समजते. प्रमाणपत्रावर वित्तसंस्थेचा बोजा असल्यास तिच्या संमतीवाचून हस्तांतरणाची नोंद होत नाही. तेव्हा नमुना ३५ आणि वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र आधी मागावे. दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते व नंतर ती पाच-पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते, हेही पाहावयास हवे.

‘कागद हरवले’ या सबबीवर एक साधा उपाय आहे. नोंदणीकृत मालकास पोलिसांकडे हरवल्याची खबर देऊन नमुना २६ द्वारे दुय्यम प्रत मागता येते. ज्याची गाडी खरी आहे त्याने ती आणावी, मग पैसे घ्यावेत. हे टाळणाऱ्याशी व्यवहार न केलेला बरा.

व्यवहार ठरल्यावर विक्रेत्याने राज्यांतर्गत विक्रीची सूचना चौदा दिवसांत आणि खरेदीदाराने हस्तांतरणाची सूचना तीस दिवसांत परिवहन कार्यालयास द्यावयाची असते. कोल्हापूर, सांगली, सोलापूर अशा सीमेवरील जिल्ह्यांत कर्नाटकाच्या क्रमांकाच्या गाड्या स्वस्तात मिळतात. अशा गाडीसाठी तेथील नोंदणी प्राधिकाऱ्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि ती बारा महिन्यांहून अधिक काळ महाराष्ट्रात ठेवल्यास येथील क्रमांक घ्यावा लागतो. जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांनाही दि. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणी प्राधिकाऱ्याचे अधिकारपत्र घेणे बंधनकारक झाले आहे. रस्त्याकडेला गाड्या मांडून बसलेल्या दलालाकडे ते मागण्याचा गिऱ्हाइकास हक्क आहे.

मृत मालकाच्या गाडीचा प्रश्न थोडा निराळा आहे. मुलगा वा भाऊ ती विकतो, यात लबाडी नसते. पण नोंद मृताच्याच नावे राहते आणि घेणारा अडकतो. वारसाने मृत्यूपासून तीस दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळविल्यास त्याला तीन महिने गाडी वापरता येते. या मुदतीत नमुना ३१ मध्ये अर्ज करून ती आपल्या नावे करून घ्यावयाची असते आणि त्यानंतरच ती रीतसर विकता येते. २०२१ पासून नोंदणी प्रमाणपत्रात मालकास आपल्या हयातीतच नामनिर्देशन करता येऊ लागले आहे. मृत्यूचा दाखला नेण्यासाठी ग्रामपंचायतीत आलेल्या कुटुंबास घरात मृताच्या नावे गाडी आहे काय, एवढे विचारले तरी तीस दिवसांची ही मुदत त्यांच्या ध्यानात आणून देता येईल.