डिलीट केलेली फाइल आणि बेखबर एसएसडी

लिनक्सवर फाइल डिलीट केली की फाइलसिस्टिम आपल्या नोंदीत तेवढी जागा मोकळी धरते, पण एसएसडीला याची खबर नसते. फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या पानावर पुन्हा थेट लिहिता येत नाही. आधी ते पुसावे लागते आणि पुसला जातो तो शेकडो पानांचा अख्खा ब्लॉक. पुसण्याआधी ड्राइव्ह त्यातली कामाची पाने दुसरीकडे हलवतो. आपण केव्हाच काढून टाकलेल्या फाइलची पानेही त्याच्या लेखी कामाचीच, म्हणून तीही इमानेइतबारे हलवली जातात. नाहक लिखाण वाढते, वेग मंदावतो, ड्राइव्ह लवकर झिजतो. ही जागा रिकामी झाली, एवढे ड्राइव्हला कळवणारा आदेश म्हणजे ट्रिम. २०१० मधल्या २.६.३३ या कर्नलपासून लिनक्स तो साटा ड्राइव्हला देऊ शकते.

तो कधी द्यायचा, हा खरा प्रश्न. ‘डिस्कार्ड’ पर्यायाने माउंट केल्यास प्रत्येक डिलीटबरोबर जातो. ‘एफएसट्रिम’ मोकळी जागा एकदम कळवते. घरच्या कॉम्प्युटरला आठवड्यातून एकदाचे एफएसट्रिमच योग्य, असे माझे ठाम मत आहे. कारण साटाचा मूळ ट्रिम आदेश इतर आदेशांबरोबर रांगेत बसत नाही. आधीची कामे संपेपर्यंत थांबावे लागते. हजारो छोट्या फाइल काढताना हे थांबणे जाणवते. पुढे रांगेत बसणारा ट्रिम आला, पण काही ड्राइव्हवर त्याने डेटा बिघडला आणि कर्नलला अशा मॉडेलांची यादी ठेवावी लागली. फेडोराने ३२व्या आवृत्तीपासून साप्ताहिक टायमर आपोआप चालू ठेवला, ते मला शहाणपणाचे वाटते. बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमची गोष्ट मात्र वेगळी: ती मोकळे तुकडे साठवून सवडीने कळवते, आणि ६.२ कर्नलपासून योग्य ड्राइव्हवर हे आपोआप होते. तिथे माझा आक्षेप लागू पडत नाही.

गोपनीयतेचा मुद्दा अधिक वजनदार आहे. लक्स या पद्धतीने एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर ट्रिम मुळात बंद असतो, कारण कुठला भाग रिकामा आहे हे बाहेरून दिसू शकते. मजकूर तरीही वाचता येत नाही, म्हणून साध्या लॅपटॉपवर मी तो चालू करावा म्हणेन; ज्याच्या जिवाला धोका आहे त्याने बंदच ठेवावा. ट्रिमनंतर डिलीट केलेली फाइल परत मिळण्याची आशा जवळपास संपते हे खरे, पण त्यावर उपाय बॅकअपचा.

‘एफएसट्रिम -व्ही’ चालवल्यावर किती जागा कळवली ते दिसते. ईएक्सटी४वर लगेच पुन्हा चालवल्यास आकडा शून्याजवळ येतो आणि रीबूटनंतर परत फुगतो. आधी काय कळवले ही आठवण फक्त मेमरीत असते, त्यामुळे घाबरू नये. ‘एलएसबीएलके -डी’मध्ये (कॅपिटल डी) ड्राइव्हसमोर सगळीच शून्ये दिसली, तर मात्र आदेश तिथवर पोचत नाही; यूएसबी केसमधल्या ड्राइव्हबाबत असे होऊ शकते.