मीठ, पाणी आणि क्ष

भाताचे बी पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात टाकून निवडतात. त्याचे प्रमाण असे : १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ. म्हणजे लिटरला ३० ग्रॅम. पोचट, हलके दाणे वर तरंगतात. ते काढून टाकायचे. भरीव दाणे तळाशी बसतात. ते साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवायचे, सावलीत सुकवायचे आणि मग पेरायचे.

एका वर्षी आम्ही मीठ तोललेच नाही. बादलीत आठ-दहा ओंजळी टाकून मोकळे झालो. पाणी जितके खारट, तितके ते जड होते आणि तितके जास्त दाणे वर ढकलते. आमचे चांगले बीसुद्धा तरंगले. पोचट समजून आम्ही ते कोंबड्यांना घातले. पुढे लावणीला रोप कमी पडले आणि शेजाऱ्याकडे मागायची पाळी आली. जन्मभर फळ्यावर मिश्रणाची गणिते शिकवली, पण घरच्या बादलीपाशी ती आठवली नाहीत! तुमचे तसे होऊ नये, म्हणून ही रीत सांगतो.

समजा, १० लिटर पाण्यात ४५० ग्रॅम मीठ पडले. पडलेले मीठ काही परत काढता येत नाही. पाणी मात्र वाढवता येते. पण किती? ते ठाऊक नाही. तर त्या ठाऊक नसलेल्या पाण्याला नाव द्या क्ष. येणाऱ्या पाहुण्याचे नाव माहीत नसले, तरी आपण त्याचा पाट मांडतोच ना? तसाच हा क्ष.

आता स्वतःला एकच विचारा : यात न बदलणारे काय? पाणी वाढेल, खारटपणा उतरेल, पण मीठ ४५० ग्रॅमच राहील. सारे गणित या एका खुंटीला बांधलेले आहे.

एकूण पाणी १० + क्ष लिटर. लिटरला मीठ ३० ग्रॅम हवे. म्हणून,

३० × (१० + क्ष) = ४५०
१० + क्ष = १५
क्ष = ५

आणखी ५ लिटर पाणी घाला. ताळा पाहा : १५ × ३० = ४५०. जमले.

आता थोडे पुढे जाऊ. दोघा भावांनी वेगवेगळे पाणी केले. थोरल्याच्या पाण्यात लिटरला ५० ग्रॅम मीठ, धाकट्याच्या पाण्यात २० ग्रॅम. दोन्ही मिसळून योग्य प्रमाणाचे १५ लिटर पाणी हवे आहे. थोरल्याचे क्ष लिटर घेतले, तर धाकट्याचे १५ − क्ष लिटर लागेल. इथेही मीठ कुठे जात नाही. दोघांचे मीठ मिळून १५ × ३०, म्हणजे ४५० ग्रॅम भरले पाहिजे.

५० × क्ष + २० × (१५ − क्ष) = ४५०
३० × क्ष + ३०० = ४५०
३० × क्ष = १५०
क्ष = ५

थोरल्याचे ५ लिटर, धाकट्याचे १० लिटर. अंदाजाने निम्मे-निम्मे घेतले असते, तर लिटरला ३५ ग्रॅम मीठ झाले असते.

आता पाटी घ्या आणि हे तुम्ही सोडवा :

८ लिटर पाण्यात ३६० ग्रॅम मीठ पडले. लिटरला ३० ग्रॅम हवे. आणखी किती पाणी घालाल?

उत्तर ४ लिटर आले, तर तुमचे बी वाया जाणार नाही.