वाफेच्या गाड्यांची जत्रा

वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांची पन्नाशी उलटली आहे, त्यांच्या डोळ्यात कधी ना कधी इंजिनातल्या कोळशाचा कण गेलेला असणारच. "डोकं आत घे," म्हणून आई ओरडायची आणि आपण नेमके वळणावर डोके बाहेर काढायचो! आपल्याकडे ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिने १९९० च्या दशकात थांबली. इंग्लंडात तर सरकारी रेल्वेने आपल्या नेहमीच्या गाड्यांची वाफेची इंजिने १९६८ च्या ऑगस्टमध्येच बंद केली. आणि तरीसुद्धा वसंतात किंवा शरदात, ठरल्या शनिवार-रविवारी, तुम्ही तिथल्या किडरमिन्स्टर गावी उतरलात, तर फलाटावर दोन-दोन इंजिने वाफ सोडत उभी दिसतील. याला ते लोक 'स्टीम गॅला' म्हणतात. आपण जत्रा म्हणू.

ही जत्रा भरते ती सेव्हर्न व्हॅली रेल्वेवर. किडरमिन्स्टरपासून ब्रिजनॉर्थपर्यंत, सेव्हर्न नदीच्या काठाकाठाने जाणारा हा सुमारे १६ मैलांचा मार्ग. मूळची रेल्वे १८६२ साली सुरू झाली आणि तोट्यात चालते म्हणून १९६३ मध्ये तिच्या उतारूगाड्या बंद झाल्या. १९६५ साली काही हौशी मंडळींनी एक संस्था काढली, १९७० मध्ये ब्रिजनॉर्थ ते हॅम्प्टन लोड एवढा तुकडा चालू केला, आणि पुढे सरकत सरकत १९८४ मध्ये किडरमिन्स्टर गाठले. पगारी नोकर थोडे. बाकी ड्रायव्हर, फायरमन, सांधेवाले, तिकीटतपासनीस हे सगळे बिनपगारी. आठवडाभर कुणी शिक्षक असतो, कुणी कारकून, आणि सुटीच्या दिवशी पहाटे उठून इंजिनाची राख काढायला हजर!

आता तुम्ही म्हणाल, इंजिने जपायची तर वस्तुसंग्रहालयात ठेवा की. पुसा, रंगवा, पाटी लावा. या रेल्वेने तसेही केले आहे; हायली स्टेशनाजवळ तिचे इंजिनघर आहे आणि ते पाहण्यासारखे आहे. पण इंजिन जपणे निराळे आणि रेल्वे जपणे निराळे. इंजिन लोखंडाचे असते, ते राहते. रेल्वे चालवण्याची विद्या माणसांच्या हातात असते, आणि हात थांबले की ती जाते. एरवीच्या दिवशी दोनचार गाड्या ये-जा करतात, तेव्हा या विद्येचा फारसा कस लागत नाही. चार माणसांचा स्वयंपाक कुणालाही जमतो हो! लग्नघरची पंगत उठवून दाखवली, की आचारी कसा आहे ते कळते. गॅला म्हणजे ती पंगत.

तिची तयारी आदल्या दिवसापासून चालते. थंड इंजिन घाईने तापवता येत नाही. आतली भट्टी बहुधा तांब्याची, बाहेरचे कवच पोलादाचे. दोन्ही तापून वेगवेगळ्या मानाने फुगतात. एकदम जाळ केला तर सांधे ताणतात आणि गळू लागतात. म्हणून आदल्या दिवशीच हलका विस्तव घालून बॉयलर हळूहळू ऊन करत आणतात. हे किती हळू, ते घड्याळ पाहून कळत नाही. पत्र्याला हात लावून, कान देऊन शिकावे लागते.

गाडी सुटल्यावर फायरमनची कसोटी. कोळसा नुसता फावड्याने लोटायचा नसतो. थोडा थोडा आणि वारंवार, दाराकडच्या कोपऱ्यांत जाड थर, पुढे पातळ. धुराड्यातून काळाभोर धूर निघाला तर कोळसा वाया चालला असे समजा. अगदीच धूर नसला तर भट्टीत थंड हवा जास्त जाते आहे. फिकट करडा धूर असला की फायरमन खूश. त्याच वेळी काचेच्या नळीतल्या पाण्यावर डोळा ठेवायचा. पाणी भट्टीच्या छताखाली गेले तर ते छत तापून वाकते आणि अनर्थ होतो. तिथे शिशाची एक डाट बसवलेली असते. ती वितळली की वाफ भट्टीत घुसून धोक्याचा इशारा देते. पण डाट वितळू दिलीन् तो फायरमन कसला!

या जत्रेला परगावची इंजिनेही पाहुणी म्हणून येतात. रुळांवरून नव्हे बरं का, बहुधा मोटारट्रेलरवर लादून, रस्त्याने! प्रत्येक इंजिनाची खोड निराळी असते. एकाची भट्टी लांबट आणि उथळ, दुसऱ्याची आखूड आणि खोल. म्हणून पुष्कळदा पाहुण्याबरोबर त्याच्या घरचा एखादा जाणकारही येतो. नवरीबरोबर पाठराखीण यावी तसा.

पण मला विचाराल तर खरी गंमत इंजिनात नाही, सिग्नलच्या केबिनमध्ये आहे. हा मार्ग जवळजवळ सगळा एकेरी. आपल्याकडे अशा मार्गावर स्टेशनमास्तर ड्रायव्हरला गोळा देत असत, तो पुष्कळांनी पाहिला असेल. इथे गोळ्याऐवजी धातूचे टोकन असते. दोन स्टेशनांतली यंत्रे विजेच्या तारेने अशी जोडलेली, की त्या टप्प्याचे एक टोकन बाहेर असेपर्यंत दुसरे निघतच नाही. टोकन हातात नसेल तर ड्रायव्हरने गाडी त्या टप्प्यात न्यायची नाही. समोरासमोर टक्कर होऊ नये म्हणून ही साधी युक्ती.

आता गॅलाच्या दिवशी काय होते पाहा. एरवीपेक्षा कितीतरी जास्त गाड्या, मधे एखादी जुनी मालगाडी, कुठे एका गाडीला दोन इंजिने. वरची गाडी आणि खालची गाडी आर्लीला एकमेकींना वाट देणार. समजा, वरच्या गाडीच्या फायरमनचा विस्तव बिघडला, वाफ उतरली, आणि गाडी दहा मिनिटे रेंगाळली. टोकन तिच्याजवळ. खालची गाडी आर्लीला तिष्ठत उभी. तिच्यासाठी ब्यूडलीला तिसरी थांबलेली. एका फावड्याची चूक तासाभरात सगळ्या मार्गावर पसरते! मग केबिनमधला माणूस विचार करतो: मालगाडी बाजूला काढू का? इंजिनाचे पाणी पुढच्या स्टेशनावर भरायला सांगू का? ही अक्कल पुस्तकात वाचून येत नाही. गर्दीच्या दिवशी जुन्या माणसाच्या शेजारी उभे राहूनच ती येते. आणि ती जुनी माणसे आता उरली किती? १९६८ मध्ये वीस वर्षांचा असलेला फायरमन आज पंचाहत्तरीच्या पुढे गेला आहे.

अडचणी आणखीही आहेत. २००७ च्या जूनमधल्या अतिवृष्टीने भराव इतक्या ठिकाणी वाहून गेले, की पूर्ण मार्ग २००८ च्या मार्चमध्ये खुला झाला. २०२५ च्या जानेवारीत पुन्हा ब्रिजनॉर्थजवळ भराव खचला. कोळशाची तर वेगळीच कथा. ज्या वेल्सच्या कोळशावर ही इंजिने वाढली, त्या मुलखातली मर्थर टिडव्हिलची मोठी उघडी खाण २०२३ च्या नोव्हेंबरात थांबली. आता कोळसा समुद्रापलीकडून आणायचा. तो वेगळा जळतो, राख वेगळी धरतो, आणि फायरमनला नव्याने हात बसवावा लागतो. जत्रेची गर्दी इथे कामी येते. फोटो काढणारे हौशी लोक शेताच्या बांधावर तासन् तास उभे राहतात, कुणी मधे आले तर भांडतातही. पण दिवसभराचे तिकीट तेच काढतात, आणि त्या पैशातून बॉयलर दुरुस्त होतात.

त्याला वेळ किती लागतो म्हणाल, तर 'हॅगली हॉल' नावाच्या इंजिनाचे उदाहरण घ्या. १९२९ साली स्विंडनच्या कारखान्यात ते बनले. १९६३ मध्ये मोडीत निघाले आणि वेल्समधल्या बॅरीच्या भंगारवाड्यात गंजत पडले. तिथून १९७३ मध्ये या मंडळींनी ते सोडवून आणले आणि काही वर्षांनी चालवले. अशा बॉयलरची साधारण दहा वर्षांनी पूर्ण उघडून तपासणी करावी लागते. 'हॅगली हॉल'ची पाळी १९८६ मध्ये आली, तेव्हा पैसा नव्हता, माणसे नव्हती. इंजिन बाजूला पडले. पुढे स्विंडनच्या त्याच कारखान्याची दुकानांची पेठ झाली, आणि हे इंजिन काही वर्षे तिथे शोभेसाठी उभे होते. जिथे जन्मले तिथेच, पण विस्तवाविना! पुन्हा त्याच्या भट्टीत आग पडून ते गाडी ओढू लागले ते २०२२ मध्ये. म्हणजे छत्तीस वर्षांनी. ज्यांनी १९८६ मध्ये त्याची आग विझवली, त्यांतल्या कितीजणांना ती पुन्हा पेटलेली पाहता आली असेल?