ओठावरचा ‘जर’ आणि डोळ्याचा धोका

करंज्याचे, मोऱ्याचे कोळी बांधव भर उन्हात होडीवर राबून परतले, की त्यांतले काही ओठाच्या कडेला बारीक फोडांचा पुंजका घेऊन दवाखान्यात येतात. कोणी म्हणतो ‘जर फुटला’, तर कोणी म्हणतो रात्री कोळी किडा तोंडावरून फिरला. त्या बिचाऱ्या किड्याचा यात काही दोष नाही.

हा हर्पिस सिम्प्लेक्स नावाच्या विषाणूचा प्रताप. नागीण निराळी. ती अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्याने उठते आणि बहुधा आयुष्यात एकदाच येते. जर मात्र पुनःपुन्हा, बहुधा त्याच जागी येतो. विषाणू बहुतेकदा लहानपणी, घरच्यांच्या मुक्यातूनच शिरतो आणि मज्जातंतूच्या मुळाशी दडून बसतो. ऊन, ताप, जागरण, पाळी असे निमित्त मिळाले की बाहेर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील पन्नाशीच्या आतल्या सुमारे ६४ टक्के लोकांत ओठावरच्या प्रकाराचा विषाणू आहे; तेव्हा लाजायचे कारण नाही.

आधी चुणचुण, मग फोड, मग खपली. एवढ्यावरून निदान होते व आठ-दहा दिवसांत ते आपोआप बरे होते. चुणचुण होताच असायक्लोव्हिरच्या गोळ्या सुरू केल्या तर त्रास थोडा आटोपतो. उशिरा घेऊन फारसा उपयोग नाही. जननेंद्रियावर असेच फोड आले तर मात्र लपवू नका. शासनाच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये मोफत उपचार मिळतात. गरोदर स्त्रीने हे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

मला खरी धास्ती वाटते ती डोळ्याची. एक डोळा लाल होतो, दुखतो, उजेड सहन होत नाही. ‘डोळे आले’ समजून मेडिकलमधून थेंब आणले जातात. त्यांत स्टिरॉइड असले तर लाली उतरते, पण आत विषाणू बुबुळ पोखरत राहतो. नेत्रतज्ज्ञ डोळ्यात रंगाचा थेंब टाकून पाहतात, तेव्हा झाडाच्या फांदीसारखी जखम उमटते. उशीर झाला तर तिथे कायमचा पांढरा डाग राहून दृष्टी जाऊ शकते.

ओठावर जर असताना तान्ह्या बाळाचा मुका घेऊ नये. त्याला हा संसर्ग जिवावर बेततो. आणि तापात माणूस बरळू लागला, ओळख विसरला किंवा त्याला फिट आली, तर विषाणू मेंदूत गेल्याचीही शक्यता असते. अशा वेळी बाहेरचे पाहत बसू नका. शिरेतून असायक्लोव्हिर देण्याची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात रात्री असेल तर रात्रीच न्यावे.