सतरावा खेळाडू

पावसावर आणि संघनिवडीवर मत मांडायला आपल्याकडे कुणालाही पात्रतेचा दाखला लागत नाही. मृग कोरडा का गेला हे पारावरचा म्हातारा हवामान खात्याच्या आधी सांगतो आणि भारताच्या संघात कुणाला घ्यायला हवे होते, हे सलूनच्या खुर्चीत तोंडाला साबण लावलेला माणूस सांगतो. हा मान सहसा क्रिकेटला मिळतो. पण नांदेडच्या पट्ट्यात थंडीचे काही दिवस असे येतात, की गप्पांच्या फडात क्रिकेट मागे सरते आणि हॉकी पुढे येते.

गुरू गोविंदसिंघजींच्या जयंतीच्या निमित्ताने नांदेडला खालसा हायस्कूलच्या मैदानावर अखिल भारतीय गोल्ड अँड सिल्व्हर कप हॉकी स्पर्धा भरते. पोलिसांचे, रेल्वेचे, लष्कराचे संघ दूरदूरच्या गावांहून येतात. सचखंड हुजूर साहिबचे दर्शन घेऊन आलेली कुटुंबे, शाळा सुटलेली पोरे, दुकान मुलावर सोपवून आलेले व्यापारी अशी सगळी मंडळी मैदानाच्या कडेला जमते. लोह्याहून नांदेड तीसेक किलोमीटर. एस.टी.त बसले की तासाभरात मैदान. लोहा, कंधारकडची माणसे त्या सुमारास तशीही हिंडायच्या मनःस्थितीत असतात. कारण आठ-दहा दिवस आधीच, मार्गशीर्ष संपता संपता, लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा भरलेली असते. तिथे घोडे पाहून झालेले असतात, गाढवांचा बाजार पाहून झालेला असतो आणि कुस्त्यांच्या फडात घसा बसेपर्यंत ओरडूनही झालेले असते.

माळेगावचा हा प्रेक्षक हॉकीच्या मैदानावर येतो, तेव्हा पैलवान पारखणारी नजर घेऊन येतो. पोराच्या मांड्या बघतो, दम बघतो, पडल्यावर किती लवकर उठतो ते बघतो. मात्र कुस्तीत निवड समिती नसते. ज्याची पाठ लागली तो हरला, विषय संपला. हॉकीत अकराजण धावतात, गोल एकाच्या नावावर लागतो आणि चूक कुणाची होती हे चौघांना चार प्रकारे दिसते. म्हणूनच तिथे वादाला जागा आहे.

"त्या लेफ्टच्या पोराला का बसवलंय बाहेर? काल दोन गोल केलेत की त्यानं!"

"काका, काल समोर कोण होतं ते बी बघा की. आज रेल्वे हाय समोर."

"अरे भाई, गोल तो गोल होता है," मागून एक सरदारजी आपल्या नांदेडी हिंदीत तोंड घालतात आणि मग सामन्यापेक्षा तो वादच जास्त रंगतो.

तीन पक्ष

हे वाद मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. वरून कितीही गोंधळ दिसला, तरी त्यात तीनच पक्ष असतात. पहिला गोलवाल्यांचा. त्यांच्या लेखी ज्याने गोल केला तो खेळला, बाकीचे नुसते धावले. मागे राहून तीनदा चेंडू अडवणारा हाफबॅक त्यांच्या डोळ्यांना दिसतच नाही. दुसरा पक्ष नाववाल्यांचा. ज्याने एकदा मोठी स्पर्धा गाजवली, त्याला पाय थकले तरी काढू नये, असे त्यांचे म्हणणे. तिसरा पक्ष आपल्या माणसाचा. आपल्या गावचा, आपल्या जिल्ह्याचा, निदान आपल्या राज्याचा कुणीतरी असावा, अशी त्यांची साधी इच्छा. तिन्ही पक्षांत थोडे थोडे खरे आहे, म्हणून हा वाद मिटत नाही.

हॉकीचा इतिहासही या वादाला सतत सरपण पुरवत आला आहे. १९३६ चे बर्लिन घ्या. ध्यानचंद यांचा संघ तिथे पोहोचला आणि सरावाच्या सामन्यात जर्मनीकडून १-४ असा हरला. आघाडीच्या फळीत काहीतरी उणे आहे हे कर्णधाराने ओळखले आणि अली दारा या खेळाडूला भारतातून बोलावून घेतले. दारा विमानाने आला, उपांत्य सामन्यापासून खेळला. १५ ऑगस्ट १९३६ रोजी त्याच जर्मनीला भारताने ८-१ असे हरवले, त्यात दाराचेही गोल होते. आधी बोटीने गेलेल्या संघात जो नव्हता, तो सुवर्णपदक घेऊन परतला.

दुसरी गोष्ट माझ्या पिढीने कानांनी पाहिली. १९७५ च्या मार्चमध्ये क्वालालंपूरला विश्वचषक चालू होता. त्या काळी गावात रेडिओ मोजके. हॉटेलातला रेडिओ मोठा केलेला असे आणि एका कपाच्या चहावर माणसे दोन तास बसून राहत. मालकही त्या दिवसांत काही बोलत नसे. उपांत्य सामन्यात मलेशिया २-१ ने पुढे आणि वेळ संपत आलेली. अशा वेळी मायकेल किंडोच्या जागी अस्लम शेर खान हा राखीव बॅक मैदानात उतरला. गळ्यातल्या ताइताचे चुंबन घेऊन त्याने पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली. जादा वेळेत हरचरण सिंगने विजयी गोल केला आणि १५ मार्चला अजितपाल सिंगच्या संघाने पाकिस्तानला २-१ असे हरवून विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यातला अशोककुमारचा गोल सगळ्यांना आठवतो. पण अस्लमला बाकावरून उठवले नसते, तर तो अंतिम सामना भारताच्या वाट्याला आलाच नसता.

आणि तिसरी गोष्ट अगदी अलीकडची. टोकिओ ऑलिम्पिकसाठी २०२१ मध्ये सोळाजणांचा संघ जाहीर झाला, त्यात सिमरनजीत सिंग नव्हता. तो राखीव होता. महासाथीमुळे प्रत्येक संघाला अठराजण वापरायची मुभा मिळाली आणि त्याचा नंबर लागला. ५ ऑगस्टला कांस्यपदकाच्या सामन्यात भारत जर्मनीविरुद्ध १-३ असा मागे पडला होता, तिथून ५-४ असा जिंकला. त्या पाचांतले दोन गोल सिमरनजीतचे. ऑलिम्पिकमधले हॉकीचे पदक देशाला तब्बल ४१ वर्षांनी मिळाले, आणि ते मिळवून देणाऱ्यांत मूळ यादीबाहेरचा एकजण होता.

विश्रांतीचा अर्थ

या तीन गोष्टी सुखान्त आहेत. चौथी तशी नाही, आणि ती आपल्या महाराष्ट्राची आहे. पुण्याजवळच्या खडकीत मोडक्या काठ्यांनी हॉकी शिकलेला धनराज पिल्ले चार ऑलिम्पिक आणि चार विश्वचषक खेळला. १९९८ च्या डिसेंबरात बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत तो कर्णधार होता. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाशी बरोबरी झाली, टायब्रेकरमध्ये गोलरक्षक आशिष बल्लाळने कमाल केली आणि १९६६ नंतर, म्हणजे ३२ वर्षांनी, भारताला आशियाई सुवर्ण मिळाले. खेळाडू मायदेशी आले ते सत्काराच्या अपेक्षेने. पण थोड्याच आठवड्यांत पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेसाठी संघ निवडला गेला, तेव्हा धनराज, बल्लाळ आणि आणखी काहीजण त्यात नव्हते. कारण सांगितले गेले, की त्यांना विश्रांती दिली आहे. खेळाडूंनी मानधनाचा विषय काढला होता, हे त्या वेळी पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. ती मालिका भारताने गमावली.

त्या दिवसांत हॉकीत फारसा रस नसलेली माणसेही या विषयावर तावातावाने बोलत होती. तो राग मला मोलाचा वाटतो. निवड समितीला मतपेटीची भीती नसते आणि बाजाराचीही फारशी नसते. तिला भीती असते ती एवढीच, की कुणीतरी बघतो आहे. पारावरचा, एस.टी. स्टँडवरचा, मैदानाच्या कडेचा वाद हा त्या बघणाऱ्या माणसाचा आवाज आहे. तो बंद पडला की यादीत कुणाचेही नाव घालता येते.

खातेउतारा आणि शेवटची नोंद

मात्र बघणाऱ्यानेही नीट बघायला हवे. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, त्यातली पुष्कळ वर्षे ग्रामीण शाखांत. कर्जाची शिफारस करताना नवखा अधिकारी खात्यातली शेवटची नोंद बघतो. मुरलेला अधिकारी पाच वर्षांचा उतारा बघतो. एका हंगामात कापूस बुडाला म्हणून शेतकऱ्याची पत जात नाही आणि एका वर्षी तुरीला भाव आला म्हणून ती दुप्पटही होत नाही. हॉकीचे आपण रसिक मात्र बहुधा शेवटच्या नोंदीवर निकाल देतो. काल गोल केला, तर देवघरात बसवतो. आज पेनल्टी कॉर्नर हुकला, तर "काढा त्याला!"

हॉकी बदलली, हेही आपण नीट ध्यानात घेतलेले नाही. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून खेळ गवतावरून कृत्रिम मैदानावर गेला आणि मनगटाच्या कसबाइतकेच दमाला महत्त्व आले. त्या ऑलिम्पिकमध्ये भारत सातवा आला. पुढे १९९० च्या दशकात कितीही वेळा खेळाडू बदलण्याची मुभा मिळाली. आता माणूस काही मिनिटे जीव तोडून धावतो, बाहेर येतो, पाणी पितो, पुन्हा आत जातो. म्हणजे बाकावर बसलेला मुलगा वगळलेला नसतो, तो आपल्या पाळीची वाट पाहत असतो. पॅरिसला २०२४ मध्ये हे सगळ्या देशाने पाहिले. ग्रेट ब्रिटनविरुद्ध अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले. दहाजणांनी उरलेला बहुतेक सामना ओढून नेला आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये तो जिंकला. पण त्यावरच्या बंदीमुळे जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात संघाकडे एक माणूस कमी होता आणि तो सामना २-३ असा गेला. पुढे स्पेनला २-१ असे हरवून कांस्य मिळाले, ते दोन्ही गोल हरमनप्रीतचे. सोळाजणांच्या यादीतला एक माणूस कमी झाला तर काय होते, हे त्या एका दिवसाने शिकवले.

यादी आणि भाकरी

आणखी एक गोष्ट या वादात कुणी बोलत नाही. आपल्यासाठी निवड हा गप्पांचा विषय असतो, त्या मुलासाठी ती भाकरी असते. रेल्वे, पोलीस, लष्कर, एके काळी बँकासुद्धा खेळाडूंना नोकऱ्या देत आल्या. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. ते मिळायचे तर हाती प्रमाणपत्र हवे आणि प्रमाणपत्रासाठी आधी यादीत नाव हवे. बँकेत पदोन्नतीची यादी फलकावर लागे, तेव्हा नाव नसलेला माणूस त्या दिवशी डबा न उघडता घरी नेत असे. आणि त्याची नोकरी तर शाबूत असे. वीस वर्षांच्या ज्या पोराने बारावीनंतर सगळे सोडून काठी हातात धरली, त्याचे नाव सतराव्या जागी राहते, तेव्हा घरी काय होत असेल याची कल्पना करावी. "तो काही कामाचा नाही" असे मैदानाच्या कडेला ओरडताना एवढे मनात ठेवले तरी पुष्कळ झाले.

आपल्या माणसाचा जो तिसरा पक्ष मी वर सांगितला, त्याच्याशी माझे थोडे भांडण आहे. आपला माणूस संघात असावा असे वाटणे चूक नाही. पण निवड समितीसमोर येणाऱ्या मुलांत आपली मुले किती, हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे. साताऱ्याकडे पाहा. फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होती. त्याच तालुक्यातून अक्षता ढेकळे आणि ऋतुजा पिसाळ याही भारतासाठी खेळल्या. एका दुष्काळी तालुक्यातून तीन मुली! त्या काही निवड समितीच्या मेहेरबानीने आल्या नाहीत. शाळेत कुणीतरी हातात काठी दिली, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत कुणीतरी पाठवले, आईबापांनी पोरीला लांब ठेवण्याची हिंमत केली. मग त्या टर्फवर धावल्या आणि मग त्यांच्या नावाचा वाद करण्याची संधी आपल्याला मिळाली.

मराठवाड्यात ताकदीचा तोटा नाही. माळेगावचा फड एकदा बघितला तर खात्री पटते. प्रेक्षकांचाही तोटा नाही, नांदेडचे मैदान त्याची साक्ष देते. आपल्याकडे आहे ती माती, आणि मातीवर शिकलेले पोर टर्फवर पहिल्यांदा उतरते तेव्हा चेंडूचा वेग पाहूनच गांगरते. हे अंतर संघनिवडीच्या दिवशी भरून निघत नाही. ते दहाव्या-बाराव्या वर्षी भरायचे असते. त्यासाठी शाळेत वीस काठ्या, एक गुरुजी आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी लागतात. एवढे जमले, तर पुढचे टर्फ मागायला आपल्याला तोंड राहील.

तेव्हा वाचकहो, वाद जरूर घाला. लेफ्टच्या पोराला का बसवले, हे विचाराच. फक्त येत्या पौषात मैदानावर गेलात, तर सामना संपल्यावर लगेच एस.टी. गाठू नका. बाकावर बसून राहिलेल्या एखाद्या मुलाला गाव कोणते, खेळायला कधी लागलास, असे दोन शब्द विचारा. आणि घरी परतल्यावर आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना तिसरा प्रश्न विचारा : गुरुजी, आपल्या शाळेत हॉकीच्या काठ्या किती आहेत?