बाप डबीत, आई झाडावर

परागकणाचं बाहेरचं कवच एवढं चिवट, की लाखो वर्षं जुन्या खडकांतही ते शाबूत सापडतं. आतला जीव मात्र भलता नाजूक. भाताचा पराग फुलाबाहेर पडला की काही मिनिटांतच संपला. मका जरा दमदार, काही तास काढतो. गवताच्या कुळात आयुष्याची दोरी आखूडच. आंबा, नारळ, खजूर ही मंडळी साठवणुकीला बरी.

पण साठवायचा कशाला? संकर करायचा तर दोन्ही झाडं एकाच वेळी फुलायला हवीत, आणि ती तर आपापल्या पंचांगानं चालतात! एक डिसेंबरात मोहरतं, दुसरं फेब्रुवारीत. मग आधी फुललेल्या बापाला डबीत भरून ठेवायचं.

आंब्याच्या घराण्यात तर नात्यांची गंमतच आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात ‘नीलम’ला ‘हापूस’चा पराग देऊन ‘रत्ना’ झाली, 1981 साली. पुढे ‘रत्ना’लाही हापूसचाच पराग दिला आणि 1992 मध्ये अगदी चपट्या, पातळ कोयीचा ‘सिंधू’ आला. म्हणजे हापूस हा सिंधूचा बाप, आणि आईकडून आजोबाही!

किनारपट्टीवर परागाचा खरा वैरी ऊन नव्हे, दमट हवा. पावसाळ्यात उघड्या डब्यातल्या पापडांचं जे होतं तेच याचंही: गोळे होतात, बुरशी धरते. वर पाण्याचा थेंब पडला तर कित्येक जातींचे कण पाणी पिऊन चक्क फुटतात. बरं, फ्रीजमध्ये टाकून मोकळं व्हावं, तर तिथंही ओल असतेच. ओला पराग थेट गोठवला तर आत बर्फाचे स्फटिक होऊन पेशी फाटतात. म्हणून आधी वाळवण, मगच थंडी. बटर पेपरवर सावलीत पसरायचा, मग सिलिका जेलसोबत हवाबंद बाटलीत. (हो, बुटांच्या खोक्यातल्या पुडीत असतं तेच.) त्याचे निळे खडे गुलाबी झाले की समजायचं, यांचं पोट भरलं, भट्टीत तापवले की पुन्हा निळे. गवतवर्गीय पराग मात्र फार वाळवला तरी मरतो. त्यांचे नखरे वेगळेच.

पराग घाईनंही मरतो. गार बाटली लगेच उघडली की दमट हवेतलं दव थेट आतल्या परागावर. बाटली खोलीइतकी कोमट होऊ द्यावी. छोट्या छोट्या कुप्या भरणं त्याहून शहाणपणाचं. एक उघडली तरी बाकीच्या बंद राहतात.

वर्षानुवर्षं टिकवायचा तर उणे 196 अंशांचा द्रव नायट्रोजन. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेत अशी परागपेढीच आहे.

पराग जिवंत आहे का, हे बघायला साखरपाणी आणि चिमूटभर बोरिक ॲसिड, म्हणजे कॅरमवर भुरभुरतात तीच पूड. जिवंत कणाला सूक्ष्मदर्शकाखाली शेपटीसारखी नळी फुटते.

झाडाला माणसानं पराग देण्याचा उद्योग नवा नाही. हम्मुराबीच्या कायद्यात, म्हणजे सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी, खजुराच्या बागेत हातानं पराग देणाऱ्या माळ्याचा वाटा ठरवून दिलेला आहे.

आपल्याकडे 1932 मध्ये केरळातल्या नीलेश्वरला उंच आणि ठेंगू माडांचा संकर झाला; जगातला पहिला मानतात तो. माडाचा पराग आजही टाल्कम पावडरीत मिसळून फवारतात. त्याआधी आईच्या पोयीवरची नर-फुलं खुडून तिला पिशवी घालायची. आई उंच असेल तर पाडेल्याला, म्हणजे माडावर चढणाऱ्या गड्याला, पुन्हा पुन्हा वर चढवायचं, आणि मग नारळ पिकायची वाट बघायची, जवळजवळ वर्षभर.